कुत्रा सूड उगवत नाही

जूनमध्ये शाळा सुरू होते. सुट्टीभर गजबजलेलं घर सकाळीच रिकामं होतं, आणि संध्याकाळी कुरतडलेली चप्पल, दारापाशी केलेली शू सापडते. मग घरोघरी तेच ऐकू येतं: 'एकटं ठेवलं म्हणून मुद्दाम केलंय. बघा, चेहराच सांगतोय!'

तो चेहरा म्हणजे कबुली नव्हे. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मालक रागावले की कुत्रे अपराधी दिसत, मग मना केलेला खाऊ त्यांनी खाल्लेला असो वा नसो. उलट काही न करता ओरडा खाणारे जास्तच 'अपराधी' दिसले.

खरं कारण बहुतेकदा घाबरणं किंवा कंटाळा. घाबरलेला कुत्रा बहुतेकदा दार-खिडकी ओरबाडतो, तेही तुम्ही गेल्यावर थोड्याच वेळात. संध्याकाळचा फटका त्याला सकाळच्या चपलेशी जोडता येत नाही. तुम्ही घरी येण्याचीच त्याला धास्ती बसते. हे मला फार खुपतं.

शाळेच्या दोन आठवडे आधीपासूनच त्याला नव्या वेळेला फिरवा, जेवू घाला. दोन मिनिटं बाहेर जाऊन परत या, मग पाच, मग वीस. एकटा असताना तो सतत रडत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा.