टाचदुखीचे उपचार : तुलना कशाशी आणि किती काळाने?

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल फरशीवर टेकताच टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला सणसणीत कळ येते, थोडे चालल्यावर ती ओसरते आणि संध्याकाळी पाय भरून आले की पुन्हा डोके वर काढते. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत दिवसभर उभे राहणाऱ्यांपासून रोज पर्वती चढणाऱ्यांपर्यंत अनेकांना हे दुखणे महिनोन्‌महिने छळते. रुईची पाने आणि तापवलेल्या विटेचा शेक होतो, मग एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलेले’ दिसते आणि काळजी दुणावते. वास्तविक असे वाढलेले हाड टाच कधीही न दुखलेल्या अनेकांमध्येही आढळते, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणे योग्य नाही.

दुखतो तो बहुधा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला प्लांटर फॅशिया नावाचा चिवट पट्टा. चालताना बोटे वर वळली की हा पट्टा ताणला जाऊन तळपायाची कमान उचलून धरतो, हे हिक्स या संशोधकांनी १९५४ मध्ये दाखवले. पुढे २००३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० नमुन्यांच्या तपासणीत दाह जवळजवळ दिसला नाही. दिसली ती तंतूंची झीज. दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी वेदना तेवढ्यापुरती शमते, पण दुखणे मुळातून जात नाही, याचा उलगडा त्यातून काही अंशी होतो.

उपचारांची तुलना करताना मोठी अडचण अशी, की बहुतेकांची टाचदुखी वर्षभरात आपोआपच बरीच कमी होते. त्यामुळे ‘अमुक केले आणि बरे वाटले’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तसाच दुसरा गट समोर ठेवून, ठरावीक काळाने दोन्हींकडे पाहावे लागते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचेच पाहा. ऑस्ट्रेलियात ८२ रुग्णांपैकी काहींना सोनोग्राफीच्या मदतीने स्टिरॉइड आणि काहींना केवळ सलाईनचे पाणी टोचण्यात आले. चौथ्या आठवड्यात स्टिरॉइडवाल्यांची वेदना स्पष्टपणे कमी होती, आठव्या आठवड्यात मात्र दोन्ही गटांतला फरक लक्षणीय उरला नाही. पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका लक्षात घेता, पहिल्याच भेटीत सुईचा आग्रह धरू नये, असे मला ठामपणे वाटते.

व्यायामाचे चित्र वेगळे आहे. डेन्मार्कमधील ४८ जणांच्या अभ्यासात एका गटाला पट्टा ताणण्याचा व्यायाम दिला, तर दुसऱ्याला जिन्याच्या पायरीच्या कडेवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून एका पायावर टाच उचलण्याचा. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद तिथेच आणि तीन सेकंदांत खाली, असे एक दिवसाआड करायचे आणि ताकद वाढेल तशी पाठीवरच्या पिशवीत पुस्तके घालून वजन वाढवायचे. तीन महिन्यांनी हा दुसरा गट बराच पुढे होता. वर्षअखेरीस दोघे पुन्हा एका पातळीवर आले. म्हणजे टाच उचलण्याच्या व्यायामाने सुधारणा लवकर झाली, शेवट तोच राहिला. ज्याला रोज दुकानात उभे राहायचे आहे, त्याच्यासाठी ते मधले महिनेच मोलाचे असतात. मात्र २०२३ मध्ये डेन्मार्कमध्येच १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत केवळ नीट समजावून सांगणे आणि टाचेखाली मऊ गादी, एवढ्याच्या तुलनेत व्यायाम व इंजेक्शन जोडल्याचा जादा लाभ रुग्णाला जाणवेल इतका मोठा निघाला नाही.

बुटात घालायच्या इनसोलबाबत २००६ च्या १३५ जणांच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात मापाने बनवून घेतलेल्या महाग इनसोलला तयार इनसोलपेक्षा सरस ठरवणारा पुरावा मिळाला नाही. शॉकवेव्हच्या, म्हणजे टाचेवर बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देण्याच्या उपचाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, पीआरपीचेही (रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेट्सयुक्त द्रव टोचण्याचेही) तसेच. म्हणून साधे उपाय काही महिने नेटाने करूनही गुण न आल्यासच त्यांचा विचार करावा. शस्त्रक्रिया त्याहूनही नंतर.

मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी विटेचा शेक घेऊच नये, कारण कातडी भाजल्याचे त्यांना कळत नाही. रात्री झोपेतही दुखणे, टाच सुजणे किंवा ताप येणे, पायाला मुंग्या येणे अशी लक्षणे असतील तर कारण वेगळे असू शकते. तेव्हा व्यायाम सुरू करण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना पाय दाखवावा.