पानामागचे काळे ठिपके

धायटीचं पान उलटून पाहिलं की मागची बाजू फिकट, मखमली लागते आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. घोडबंदर रोडवरच्या आमच्या बाल्कनीत मी आठवडाभर त्या ठिपक्यांवर कडुनिंबाचं तेल फवारत होते. ते जाईनात. जाणार कसे? कीड नव्हतीच ती, पानाच्या स्वतःच्या ग्रंथी होत्या. धायटी ओळखायची हीच सोपी खूण, आणि मी नेमकी तीच पुसायला निघाले होते.

फेब्रुवारी-मार्चात ठाण्याजवळच्या येऊर किंवा पारसिक डोंगराच्या उतारावर गवत वाळलेलं असतं. त्यात एखाद्या झुडपाच्या फांद्या लालभडक फुलांनी लगडलेल्या दिसल्या तर ती बहुधा धायटी. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. मेंदी, डाळिंब आणि आपलं राज्यफूल तामण यांची ही भावकी. डोंगरातलं झुडूप म्हटलं की लोकांना आधी कारवी आठवते. पण येऊरची कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ नंतर थेट २०२४ला, आणि बी धरून मरते. तेवढ्यासाठी कुंडी अडवून बसणाऱ्यांना माझा नमस्कार. धायटी दरवर्षी फुलते.

फुलाची गंमत अशी की त्यातलं लाल काही पाकळ्यांचं नव्हे. लाल नळी म्हणजे निदलपुंज, हिरव्या बाह्यदलांचाच रंगीत अवतार. खऱ्या सहा पाकळ्या इतक्या चिमुकल्या की भिंगाशिवाय सापडत नाहीत. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि तळाशी मध असतो. शिंजीर चोच घालतो तेव्हा पराग त्याच्या डोक्याला लागतात. पाकळ्या गळाल्या तरी नळी टिकते, आतल्या बोंडाला कवच होते, म्हणून फांदी बरेच दिवस लाल राहते.

आता माझं पहिलं रोप कसं मेलं ते सांगते. जुलै महिना, कुंडीखाली ताटली, ताटलीत पाणी. ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेवढाच डोंगरावरही पडतो, मग तिथली धायटी कशी जगते? तिथे पाणी उतारावरून, मुरमातून निघून जातं. कुंडीत ते साचलं की मातीतली हवेची जागा भरते, आणि पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळं आधी गुदमरतात, मग बुरशी त्यांना कुजवते. वर पानं मलूल दिसतात आणि आपण, तहानलंय वाटून, आणखी पाणी घालतो!

दुसऱ्या रोपाला बारा इंची कुंडी, तळाला विटांचे तुकडे, वर निम्मी लाल माती नि निम्मा मुरूम-वाळू दिली. ताटली भंगारात. दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन. शेणखत वर्षातून मूठभर, तेही पावसाच्या तोंडावर. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं रुसतात. छाटणी फुलं संपल्यावर, मेच्या आसपास. दिवाळीत साफसफाई म्हणून कात्री चालवलीत तर फुलं धरणाऱ्या फांद्याच जातात.

रोप रोपवाटिकेतून आणा. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून उपटणं गुन्हा आहे. ओळखीच्यांकडे झुडूप असेल तर पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचं छाटकलम लावून बघा. बी मात्र धुळीसारखं बारीक. त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच, म्हणून मातीखाली पुरलं तर कोंब वर येता येता संपतो. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवायचं आणि पाणी खालून शोषू द्यायचं.

माझ्या आजीच्या कपाटात कुमारी आसवाची बाटली कायम असे. त्यात धायटीची फुलं असतात, दशमूलारिष्टातही. काढा आणि गूळ आंबवायला वैद्य ती घालतात, कारण फुलांवर किण्व म्हणजे यीस्ट राहतं. वाळल्या फुलांतही ते तग धरतं, ताज्या फुलांची गरज पडत नाही. गेल्या एप्रिलात कुंडीखाली पडलेली मूठभर फुलं मी बरणीत भरून ठेवली आहेत. आसव घालायचा धीर अजून झालेला नाही.