टॅबवरचे तुमचे अक्षर टाइप करून मिळेल, पण फोटो पाठवू नका

टॅबवर पेनाने लिहिलेल्या वह्या आम्ही टाइप केलेल्या, पुढे हव्या तशा दुरुस्त करता येतील अशा मजकुरात बदलून देतो. शोधप्रबंधाची टिपणे, कीर्तनाच्या वह्या, वकिलांचे मुद्दे, साइटवरची मापे, कादंबरीचा कच्चा खर्डा, काहीही चालते. काम देण्याआधी हे पत्रक एकदा वाचा. तुमचे पैसे आणि आमचे डोळे, दोन्ही वाचतील.

फोटो नको, वहीच पाठवा

बहुतेक जण व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवतात. दिसायला अक्षर तेच असते, म्हणून काय फरक पडतो असे वाटते. फरक मोठा पडतो. टॅब तुमच्या अक्षराचे नुसते चित्र साठवत नाही. पेन कुठे टेकले, कुठून कुठे गेले, कधी उचलले, काही यंत्रांत किती दाबले, याची बिंदूबिंदूने नोंद त्या फाइलमध्ये असते. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर या हालचालीवरून अक्षर ओळखते. घाईत लिहिलेले 'घ' आणि 'ध' चित्रात जुळे भाऊ दिसतात. पण 'ध'ची गाठ कितीही बारीक राहिली तरी पेन तिथे वळसा घेऊन आलेले असते आणि तो वळसा नोंदीत सापडतो. 'भ' आणि 'म'चेही तसेच. खोडून त्यावरच पुन्हा लिहिलेला शब्द फोटोत काळा डाग असतो. वहीच्या फाइलमध्ये आधीच्या रेषा वेगळ्या आणि नंतरच्या वेगळ्या.

सॅमसंग नोट्स या वही लिहायच्या ॲपमध्ये शेअर दाबले की पीडीएफ, वर्ड, चित्र असे पर्याय येतात. त्यांतला 'सॅमसंग नोट्स फाइल' निवडा. गुडनोट्स ॲपमध्येही त्याच्या स्वतःच्या फाइलचा पर्याय आहे. पीडीएफमध्ये रेषा दिसतात, पण पेनाच्या हालचालीची नोंद बहुधा हरवलेली असते. आणि वर्डचा पर्याय निवडला म्हणजे अक्षर आपोआप टाइप झाले, असे समजू नका. पुष्कळदा तुमचे हस्ताक्षर चित्र होऊन वर्डच्या पानावर चिकटलेले असते. "वर्डच तर दिलंय की," असे म्हणणारा ग्राहक आम्हाला आठवड्याला एखादा तरी भेटतो.

मूळ वही टॅबवरून पुसू नका. काम हातात पडेपर्यंत तरी नाहीच.

अक्षर बदलू नका, चार सवयी बदला

१९९३ साली ॲपलने न्यूटन मेसेजपॅड हा हातात मावणारा संगणक आणला. तो हस्ताक्षर ओळखायचा, पण इतके चुकीचे की त्याची चेष्टाच जास्त झाली. १९९६ साली पाम पायलट या तशाच छोट्या यंत्राने वेगळी वाट काढली: यंत्राला माणसाचे अक्षर शिकवण्याऐवजी माणसानेच यंत्रासाठी सोप्या, एका फटकाऱ्यात लिहायच्या खुणा शिकायच्या. ते चालले. पण चाळीस वर्षे वळण लावलेले अक्षर कुणी आमच्यासाठी बदलावे, असे आम्हाला वाटत नाही. मराठीत अडते ते ठरावीक ठिकाणी, तेवढे सांभाळले तरी पुरते.

पहिले, शिरोरेघ. कुणी शब्द झाला की लगेच देतो, कुणी देतच नाही. या दोन्ही तऱ्हा चालतात. ओळ पुरी झाल्यावर डावीकडून उजवीकडे एकच लांब रेघ मारणाऱ्यांचे मात्र अवघड होते, कारण शब्द कुठे तुटला हे यंत्राला कळत नाही. जुन्या मोडी लिपीत आधी रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत. जुने दस्त वाचणाऱ्यांना विचारा, शब्द सोडवताना काय होते ते.

दुसरे, मागाहून दिलेले अनुस्वार आणि वेलांट्या. शब्द लिहिता लिहिता दिलेत तर उत्तम. पान संपवून वर जाऊन अनुस्वार टाकलात, तर तो पूर्णविराम म्हणून भलत्याच ओळीत जाऊन बसू शकतो. रफाराची गंमत वेगळी. 'अर्थ' लिहिताना रफार आपण सगळ्यात शेवटी देतो, टाइप केलेल्या मजकुरात मात्र तो 'र' 'थ'च्या आधी साठतो. पहिली वेलांटी नेमकी उलट: दिसते अक्षराच्या आधी, साठते नंतर. हा हिशेब सॉफ्टवेअर सांभाळते, तुम्ही फक्त रफार नेमक्या अक्षरावर द्या.

तिसरे, अर्धा 'र'. आचार्यांना जेवण दिले आणि आचाऱ्यांना जेवण दिले, यांत जेवणारी माणसे वेगळी आहेत. दर्या आणि दऱ्या यांचेही तेच. हिंदी हस्ताक्षरावर तयार झालेली सॉफ्टवेअर इथे हमखास घसरतात आणि 'ळ'ला पाहून गोंधळतात. अशा जागा आम्ही माणसाच्या डोळ्याने तपासतो. तुम्ही 'ऱ्य'ची चंद्रकोर स्पष्ट काढलीत की आमचा तर्क वाचतो.

आकडे: इथे आम्ही कडक आहोत

आपण मराठी माणसे एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी आकडे बिनधास्त मिसळतो. आता बघा: घाईत लिहिलेला मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ हा इंग्रजी आठसारखा आणि ७ पुष्कळदा इंग्रजी सहासारखा. एका बांधकाम ठेकेदाराच्या वहीत '१४ पोती सिमेंट' होते. यंत्राने ते '९८ पोती' केले. आमच्या वाचकाने पकडले म्हणून बरे, नाहीतर ८४ पोती जास्तीची उतरली असती.

तेव्हा एका वहीत एकाच प्रकारचे आकडे लिहा आणि कोणते ते पहिल्या पानावर नोंदवा. रक्कम, माप, तारीख, खाते क्रमांक यांबाबत आम्ही अंदाज बांधत नाही. शंका असेल तिथे पिवळी खूण करून मूळ अक्षराचा तुकडा शेजारी ठेवतो. आकडा तुम्हीच भरायचा. औषधांची नावे आणि त्यांचे प्रमाण यांनाही हाच नियम. डॉक्टरसाहेब रागावले तरी चालेल.

थोडेच असेल तर घरी करा

दोन-चार पानांसाठी आमच्याकडे येऊ नका. तुमच्या ॲपच्या सेटिंगमध्ये हस्ताक्षर ओळखायची भाषा निवडता येते. तिथे मराठी आहे का ते पाहा. पेनाने मजकुराभोवती वेढा घालून निवडला की रूपांतराचा पर्याय येतो. पुढचे लिखाण थेट टाइप व्हावे असे वाटत असेल, तर गुगलच्या जीबोर्ड ॲपमध्ये मराठी हस्तलेखनाचा कीबोर्ड आहे: बोटाने किंवा पेनाने लिहायचे, शब्द वर उमटतो. कागदासारख्या दिसणाऱ्या ई-इंक वह्यांपैकी अनेकांत ही सोय रोमन लिपीपुरतीच असते. घेण्याआधी दुकानात देवनागरीत एक ओळ लिहून बघा.

काय मिळेल, किती पडेल

वर्डची फाइल, युनिकोडमध्ये. ती फोनवर, मेलमध्ये, कुठेही उघडते आणि तिच्यात शब्द शोधता येतो. फाइल उघडल्यावर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसले तर आम्हाला फोन करू नका, चूक आमची नाही. आत साठलेले अक्षर तेच असते, वळण फाँटचे असते. मराठी वळणाचा फाँट लावा. छापखान्याला श्रीलिपीतच, म्हणजे छपाईच्या जुन्या फाँटांतच मजकूर हवा असेल तर आधी सांगा, तसा करून देऊ. आकृत्या, बाण, समासातली चित्रे टाइप होत नाहीत, ती चित्र म्हणून जागच्या जागी ठेवतो.

यंत्राचे रूपांतर आणि एका माणसाचे वाचन: पानाला १५ रुपये. दुसऱ्या माणसाने मूळ वहीशी ओळन् ओळ ताडलेले: ३० रुपये. हिशेब आणि कोर्टाचे काम आम्ही ३० रुपयांच्या दरानेच घेतो. पहिली ५ पाने मोफत, म्हणजे तुमचे अक्षर आम्हाला लागते का हे दोघांनाही कळेल. क्वचित कुणाचे लागत नाही. तसे असेल तर सरळ सांगतो आणि हाताने टाइप करायचा दर देतो.

रुग्णांची किंवा अशिलांची टिपणे असतील तर तसे कळवा. काही सॉफ्टवेअर ओळखण्यासाठी लिखाण बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. म्हणून रुग्णांचे, अशिलांचे काम आम्ही इंटरनेट नसलेल्या संगणकावर करतो. काम पुरे करून तुम्हाला दिल्यावर ३० दिवसांनी आमच्याकडची प्रत पुसली जाते.

शंभर पानांपर्यंतचे काम आठवड्यात होते. गणपती बसल्यापासून दिवाळी अंक छपाईला जाईपर्यंत मात्र दुप्पट दिवस धरा. त्या काळात संपादक मंडळी आमच्या दारात बसलेली असतात.