‘लोक हसतील’ की ‘लोकांना कळेल’?

मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. लग्नकार्याला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा. समजा, अशी तक्रार घेऊन दोन तरुण एकाच समुपदेशकाकडे आले. पहिल्या भेटीच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची, हे ओळखता येणार नाही. घरच्यांनी तर दोघांनाही ‘भिडस्त आहे हो’ म्हणून केव्हाच निकालात काढलेलं असतं.

पण एकाला सोशल अँक्झायटी, म्हणजे चारचौघांत फजिती होण्याची भीती, असू शकते आणि दुसऱ्याला अव्हॉयडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे लोकांना टाळणं हा स्वभावाचाच पाया होऊन बसणं.

हा घोळ जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थिओडोर मिलन यांनी 1969 मध्ये या ‘अव्हॉयडंट’ व्यक्तिमत्त्वाला नाव दिलं. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत सूचीत, म्हणजे डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, दोन्ही निदानं वेगवेगळी आली. तेव्हा समाजभय, म्हणजे आजची सोशल अँक्झायटी, ही मुख्यतः ठरावीक प्रसंगांची भीती होती: भाषण करणं, दुसऱ्यांसमोर जेवणं किंवा लिहिणं. 1987 च्या सुधारित आवृत्तीत बहुतेक सगळ्या सामाजिक प्रसंगांना घाबरणारेही त्यात आले आणि दोन निदानांमधलं कुंपण जवळजवळ पडलंच. आज एकाच माणसाला दोन्ही निदानं मिळू शकतात.

मग थेरपीत फरक दिसतो कुठे? माझ्या मते लक्षणांच्या यादीपेक्षा जवळिकीत. सोशल अँक्झायटी असलेला तरुण अनोळखी लोकांत गोठतो, पण जिवलग मित्रांच्या कट्ट्यावर बहुधा खुलतो. त्याची भीती असते, ‘माझी फजिती होईल, लोक हसतील.’ आपली भीती जरा अवाजवी आहे, हेही त्याला बरेचदा ठाऊक असतं. दुसऱ्याचं उलटं. दुकानदाराशी तो एखादवेळ नीट बोलेल, पण मैत्री दाट व्हायला लागली की फोन उचलणं बंद. कारण कुणी जवळ आलं तर आपण आतून किती कमी आहोत हे त्याला कळेल. हा कमीपणा त्याला भीती वाटत नाही, वस्तुस्थिती वाटते. डीएसएममधल्या सात निकषांपैकी चार जुळले तर हे निदान होऊ शकतं. मला त्यातला सर्वांत बोलका वाटतो तो स्वतःला अनाकर्षक आणि इतरांपेक्षा हीन समजण्याचा.

उपचार सुरू झाले की हे आणखी उघडं पडतं. भीती वाटणाऱ्या प्रसंगाला पायरीपायरीने सामोरं जाणं हा सोशल अँक्झायटीवरचा नावाजलेला उपाय. पहिला तरुण मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलतो, आभाळ कोसळत नाही, पुढच्या वेळी चार बोलतो. दुसराही बोलतो, कौतुकही होतं, पण परत येऊन म्हणतो, ‘त्यांनी माझं मन राखलं.’ यशसुद्धा त्याच्या जुन्या समजुतीच्याच कामी येतं. समुपदेशकाच्या आपुलकीचंही तेच: ‘तुम्ही फी घेता म्हणून चांगलं बोलता.’ कधी समुपदेशकाच्या चेहऱ्यावर किंचित कंटाळा दिसल्याचा भास होतो आणि पुढच्या आठवड्यात हा येतच नाही. अशा वेळी नुसता सराव पुरत नाही. लहानपणापासून घट्ट बसलेल्या समजुतींवर काम करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

दोन्ही एकाच आजाराच्या सौम्य आणि तीव्र छटा आहेत, असं मानणारे संशोधकही कमी नाहीत. त्यांच्या बाजूने पुरावा आहे. नॉर्वेत जुळ्या बहिणींवर झालेल्या 2007 च्या अभ्यासात दोन्हींमागचा अनुवांशिक धोका सारखाच निघाला. गंमत म्हणजे परिस्थितीचे घटक मात्र वेगवेगळे दिसले. बीज एक, माती निराळी, असंच काहीसं. जागतिक आरोग्य संघटनेने तर 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजारांच्या आपल्या सूचीच्या अकराव्या आवृत्तीत, व्यक्तिमत्त्व विकारांचे हे जुने कप्पेच काढून टाकले. तिथे आता आधी त्रास किती गंभीर आहे ते पाहतात, मग स्वभावाचा कल.

समुपदेशकाला मात्र समोरच्या खुर्चीतल्या माणसाशीच काम असतं. दुसरा तरुण कित्येक महिन्यांनी, खाली बघत का होईना, म्हणतो, ‘मागच्या वेळी तुम्ही घड्याळ पाहिलंत, मला वाईट वाटलं.’ आणि तरीही पुढच्या मंगळवारी तो वेळेवर येतो.