स्लॉटमधली कळ आणि जुने खेळ

५ जून २०२५ रोजी निन्टेंडोचा स्विच २ हा गेम कन्सोल बाजारात आला आणि जुन्या स्विचचे बहुतेक खेळ त्यावर चालू लागले, तेव्हा पुष्कळांना त्याचे काही अप्रूप वाटले नाही. यंत्र अधिक ताकदीचे असले की जुने खेळ त्यावर चालणारच, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो साफ चुकीचा आहे. प्रोसेसरचा वेग निराळा आणि त्याला कळणारी भाषा निराळी.

खेळाचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटी आकड्यांची रांग असते. १९८९ च्या गेम बॉय या निन्टेंडोच्याच हातात धरायच्या यंत्रातल्या ८ बिटी प्रोसेसरला आज्ञा म्हणून ६० हा आकडा मिळाला की तो ‘ए’ नावाच्या रजिस्टरमधली, म्हणजे आपल्या एका छोट्या साठवण-कप्प्यातली, संख्या एकने वाढवतो. १९९८ च्या गेम बॉय कलरमध्येही त्याच घराण्यातला प्रोसेसर होता, फक्त गरजेनुसार दुप्पट वेगाने चालणारा, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. २००१ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये मात्र एआरएम या निराळ्या घराण्यातला ३२ बिटी प्रोसेसर आला. तो आज्ञा दोन किंवा चार बाइटच्या गटांनी वाचतो, आणि एकट्या ६० ला त्याच्या लेखी काहीच अर्थ नसतो.

मग नव्या प्रोसेसरकडून जुन्याची नक्कल, म्हणजे इम्युलेशन, करून घेतले तर? हिशेब मांडून पाहू. जुन्या यंत्राच्या, म्हणजे गेम बॉयच्या, घड्याळाचे सेकंदाला ४१,९४,३०४ ठोके पडत, नव्याचे बरोबर चौपट, म्हणजे १,६७,७७,२१६. जुन्या प्रोसेसरची सर्वांत छोटी आज्ञा ४ ठोक्यांत पुरी होई. तेवढ्या अवधीत नव्याच्या हाती अवघे १६ ठोके येतात. त्यांतच त्याने जुनी आज्ञा वाचायची, ओळखायची, तिचा परिणाम घडवून आणायचा आणि शिवाय पडद्यावरचे चित्र कोणत्या ओळीपर्यंत आले आहे याचेही भान ठेवायचे. हे भान फार महत्त्वाचे आहे, कारण गेम बॉय पडद्याच्या १४४ ओळी एकामागून एक रेखाटतो, प्रत्येक ओळीला ४५६ ठोके घेतो, आणि अनेक खेळ ठरावीक ओळ येताच चित्र सरकवण्याचा आकडा बदलतात, जेणेकरून मागचे दृश्य सरकावे पण गुणांची पट्टी जागच्या जागी राहावी. ठोक्यांचे गणित थोडे जरी हुकले तरी ती पट्टी थरथरू लागते.

म्हणून अभियंत्यांनी नक्कल टाळून जुन्या घराण्यातला प्रोसेसरच अ‍ॅडव्हान्समध्ये नव्याच्या जोडीला बसवला. दोघांपैकी कोणी काम करायचे, हे कार्ट्रिज, म्हणजे खेळाची प्लास्टिकची डबी, जिथे बसते त्या स्लॉटमधली एक छोटी कळ ठरवते. जुन्या कार्ट्रिजचे प्लास्टिक ती कळ दाबते. नव्या कार्ट्रिजला त्या जागी खाच असल्यामुळे ती दाबली जात नाही. कळ दाबली गेली की कार्ट्रिजला ३.३ ऐवजी ५ व्होल्ट मिळतात आणि ८ बिटी प्रोसेसर ताबा घेतो. दोघे एकाच वेळी कधीच चालत नाहीत. एका प्लास्टिकच्या आकारावर विजेचा दाब आणि यंत्राची भाषा दोन्ही बदलावी, ही मला या क्षेत्रातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते. जुन्या यंत्राच्या चार ध्वनिवाहिन्या तर नव्या खेळांनाही वापरता येत.

कार्ट्रिज चालले नाही की त्यात फुंकर मारायची, ही समजूत मात्र सोडून द्यावी. फुंकरीतला ओलावा धातूच्या पट्ट्यांना अपायकारकच असतो. कार्ट्रिज काढून पुन्हा बसवताना पट्ट्या नव्याने जुळतात, आणि त्याचे श्रेय फुंकरीला मिळते.

२००४ च्या डीएस या निन्टेंडोच्या पुढच्या यंत्रात ८ बिटी प्रोसेसर उरला नाही आणि गेम बॉयचे खेळ तिथेच थांबले. अ‍ॅडव्हान्सचे खेळ चालत राहिले, कारण डीएसच्या दोन प्रोसेसरांपैकी धाकटा त्याच एआरएम ७ घराण्यातला होता आणि त्या खेळांसाठी आपला वेग निम्म्यावर आणत असे. त्या खेळांचे २४० बाय १६० ठिपक्यांचे चित्र २५६ बाय १९२ च्या पडद्यावर न ताणता दाखवले जाई आणि चारही बाजूंना काळी चौकट दिसे.

स्विच २ ची वाट वेगळी आहे. त्यात जुन्या स्विचचे कोणतेही हार्डवेअर नाही. खेळ चालू असतानाच त्याच्या डेटाचे नव्या यंत्रासाठी रूपांतर केले जाते. त्यामुळे एक खेळ चालला म्हणून दुसराही चालेल अशी हमी मिळत नाही, आणि जुने खेळ एकेक करून तपासावे लागतात.