खणात उरलेली ‘ए’ कुपनं आणि वर्षभराचा पास

अमेरिकेतल्या डिस्नेच्या मनोरंजन-बागांचा वार्षिक पास काढला तर सुट्टी स्वस्तात पडते का, हा हिशेब मांडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हा पास मुळात लांबून येणाऱ्या पाहुण्यांचे पैसे वाचवायला निघालेला नाही.

17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं, तेव्हा मोठ्या माणसाला दारात एक डॉलर पडायचा. तो फक्त आत शिरण्याचा. आतल्या प्रत्येक राइडचे पैसे वेगळे, आपल्या जत्रेतल्या पाळण्यांसारखे. त्याच वर्षी कुपनांची पुस्तिका निघाली: ‘ए’, ‘बी’, ‘सी’. पुढच्या वर्षी ‘डी’ आलं आणि 1959 मध्ये मॅटरहॉर्नचा डोंगर उभा राहिला, तेव्हा ‘ई’. ‘ए’वर मेन स्ट्रीटची घोडागाडी मिळे, ‘ई’वर मॅटरहॉर्न नाहीतर पाणबुडी. साहजिकच ‘ई’ची कुपनं भराभर उडायची आणि ‘ए’ची तशीच घरी यायची. पुढच्या खेपेला कामी येतील म्हणून लोक ती खणात टाकून ठेवत. ‘ई तिकीट’ हा तर अमेरिकेत सर्वांत थरारक गोष्टीसाठीचा वाक्प्रचारच झाला. 1983 मध्ये अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर सॅली राइड हिने आपल्या अंतराळ-उड्डाणाचं वर्णन याच शब्दांत केलं. गंमत म्हणजे तोवर पुस्तिका बंदही झाली होती.

ती बंद झाली 1982 मध्ये. टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्ज या मनोरंजन-बागेने 1961 पासूनच ‘एकदा पैसे भरा, दिवसभर बसा’ हा मार्ग धरला होता. डिस्ने तिथे एकवीस वर्षं उशिरा पोचलं. 1982 च्या ऑक्टोबरात फ्लोरिडात एपकॉट ही डिस्नेची बाग उघडली आणि वार्षिक पासही याच सुमाराचा. राइडमागे कुपन फाडलं जात होतं तोवर वर्षभराचा पास विकणं शक्यच नव्हतं. एकच तिकीट झाल्यावर मात्र मंगळवारच्या रिकाम्या बागेत आणखी एक माणूस आल्याने कंपनीला जवळपास काहीच खर्च येत नाही. उलट तो खातो, पितो, टोपी विकत घेतो. पास म्हणजे थोडक्यात आसपासच्या लोकांना रिकाम्या दिवशी बोलावण्याची युक्ती.

ती फारच यशस्वी झाली. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना पासाचे पैसे महिन्याच्या हप्त्यांत भरायची सोय मिळाली, तशी मंडळी ऑफिस सुटल्यावर दोन तासांसाठीही यायला लागली. मग गर्दीच्या तारखा बंद असलेले स्वस्त पास आणि सगळे दिवस खुले असलेले महागडे पास, अशी उतरंड लागली. 14 मार्च 2020 पासून करोनामुळे डिस्नेलँडला टाळं होतं. जानेवारी 2021 मध्ये कंपनीने जुनी पास योजनाच गुंडाळली. ऑगस्टमध्ये ‘मॅजिक की’ या नावाने पास परत आला खरा, पण आधी दिवस आरक्षित करणं सक्तीचं झालं. सर्वांत स्वस्त ‘की’ तेव्हा 399 डॉलरची होती, तीही फक्त दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना. सर्वांत महाग 1,399 ची होती. या महागड्या ‘की’वर एकही तारीख बंद नसेल, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात आरक्षणच मिळेना, म्हणून एका महिलेने दावा ठोकला. तो अखेर 95 लाख डॉलरवर मिटला.

399 डॉलरचा हिशेब सरळ होता. तेव्हा एका दिवसाचं सर्वांत स्वस्त तिकीट 104 डॉलर होतं, म्हणजे चौथ्या फेरीला पास वसूल. तिथल्या मराठी घरांना ते सहज जमतं, पण पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना नाही. रहिवासी पास रहिवाशालाच!

पाहुण्याला हात मारायचाच असेल तर तो फ्लोरिडात. तिथे 2021 मध्ये परगावच्या कुणालाही मिळेल असा पास 1,299 डॉलरचा होता. एकाच सहलीत तो वसूल होणं अवघड. पण त्याचं वर्ष पहिल्यांदा आत शिरल्यापासून मोजलं जातं. म्हणून मुरलेले लोक पहिली सहल ऑक्टोबरात आखतात आणि दुसरी पुढच्या सप्टेंबरात. पास एक, सुट्ट्या दोन. शिवाय पार्किंग फुकट, त्यामुळे गाडी चालवणाऱ्या एकट्यानेच पास काढायचा आणि बाकीच्यांनी साधी तिकिटं घ्यायची, असंही काही कुटुंबं करतात.