पाटे ॲक्सलखाली, पाटे ॲक्सलवर: उंच जिप्सीमागची गोष्ट

जुनी जिप्सी उंच करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पाट्यांपासून, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगपासून, सुरुवात करतो. टायरचं नंतर बघू म्हणतो. खरं तर विचार टायरपासून सुरू व्हायला हवा. अखंड ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग नळीने जोडलेल्या, गाडीत सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा गिअरांचा गोळा, आणि तो ॲक्सलमध्येच बसवलेला असतो. बॉडी फूटभर वर नेली तरी दगडाला तो लागायचा तो लागतोच. त्याला जमिनीपासून वर नेतं ते फक्त मोठं टायर. पण मोठं टायर मडगार्डला घासतं, म्हणून बॉडी उचलावी लागते. गाडी उंच करण्याचं मूळ कारण एवढंच आहे.

ती उचलण्याची सोय मात्र गाडीच्या जन्मातच दडलेली आहे. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलकी फोर-बाय-फोर गाडी मागवली तेव्हा ती बुटकी हवी, शत्रूच्या नजरेत भरता कामा नये, अशी अट होती. त्यातून आलेल्या विलीज जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खालून बांधले होते. त्यामुळे चासी जमिनीजवळ राहते, गाडी वळणावर कमी झुकते. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस हीच जीप मुंबईत माझगावला जोडली जाऊ लागली आणि पुढची कित्येक वर्षं आपल्याकडे ‘जीप’ म्हटलं की हीच बांधणी डोळ्यासमोर येत राहिली.

सुझुकीनेही छोट्या गाडीसाठी तोच मार्ग धरला. १९७० ची एलजे-१०, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची एसजे मालिका, आणि डिसेंबर १९८५ मध्ये भारतात आलेली जिप्सी: ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, दोन्हीकडे अखंड ॲक्सल, चारही चाकांना पाटे आणि तेही ॲक्सलखाली. जपानमध्ये सुझुकीने याच कुळातल्या जिम्नीला १९९५ मध्ये पाट्यांऐवजी वेटोळ्याची कॉइल स्प्रिंग दिली. आपली जिप्सी १९९६ मध्ये १.३ लिटरची ‘किंग’ झाली, पण पाटे शेवटपर्यंत राहिले. सैन्यात, पोलिसांत, ताडोब्याच्या सफारीत ती तशीच धावली. हाडं खिळखिळी करणारी म्हणून तिला नावं ठेवली गेली. मला मात्र या पाट्यांबद्दल आदर आहे, कारण ते हायवेलगतच्या कोणत्याही पाटेवाल्याकडे उघडता, वाकवता आणि पुन्हा बसवता येतात.

उंचीचा स्वस्त उपाय म्हणजे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी. शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी साधारण एकच इंच वर जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. जिप्सीत पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ती लांबवली की ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा तिरपेपणा, कमी होतो आणि ऐंशीच्या वेगात स्टीअरिंग भरकटतं. मला हा उपाय पटत नाही. जास्त कमानीचे पाटे बनवून घेणं बरं.

मोठा उपाय म्हणजे पाटे ॲक्सलखालून काढून वर बांधणं. हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवतात, पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट कापतात, ॲक्सल मोकळा होतो. त्याच्या नळीवर, वरच्या बाजूला, पाटा टेकण्यासाठी नव्या बैठका ठेवतात. इथे चांगला कारागीर लगेच वेल्डिंग करत नाही. नुसते टाके मारतो, चाकं लावतो, गाडी खाली घेतो, ॲक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन पाहतो, समाधान झालं की मगच पक्का जोड देतो. नळीची जाडी आणि पाट्यांचा थर मिळून गाडी पाच इंचांच्या आसपास वर येते. मग एकेक गोष्ट अपुरी पडत जाते. ब्रेकचे होज लांब लागतात, स्टीअरिंगचा रॉड पाट्याला अडतो म्हणून तो वाकवलेला किंवा वरून नेलेला बसवावा लागतो, आणि जोर दिला की मागचा पाटा इंग्रजी ‘एस’सारखा पिळवटतो.

आता टायरचा हिशेब. जिप्सीचं २०५/७० आर १५ टायर साधारण ६६८ मिमी उंच. ऑफरोडवाल्यांच्या आवडीचं २३५/७५ आर १५ सुमारे ७३४. फरक ६६ मिमीचा, पण डिफरन्शियल वर जातो त्याच्या निम्मा, ३३ मिमी. ३१ इंची टायर घातलं तर सुमारे ६०. म्हणजे पाच इंच बॉडी उचलून डिफरन्शियलखाली मिळाली जेमतेम अडीच इंच जागा. शिवाय ३१ इंचीवर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ७० ने धावत असते, आणि तेच इंजिन घाटात लवकर दमतं.

खरी किंमत मोजावी लागते ती तोलाची. अमेरिकेत हीच गाडी ‘सामुराई’ नावाने विकली जायची. १९८८ मध्ये तिथल्या एका ग्राहक-मासिकाने ती वळणावर उलटू शकते असं जाहीर केलं, सुझुकीने १९९६ मध्ये दावा लावला आणि २००४ मध्ये तडजोड झाली. वाद होता तो कारखान्यातून निघालेल्या उंचीच्या गाडीवर. भारतात १९९३ मध्ये जिप्सीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सुमारे ९० मिमीने वाढलं. पाच इंच उचललेल्या जिप्सीला ही वाढीव रुंदीही अपुरीच पडते.

कायद्याने ही वाट हळूहळू अरुंद केली. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यापुढे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. त्यामुळे पासिंगपुरतं परत बसवता यावं म्हणून जुन्या जिप्सीवाल्याकडे घराच्या मागच्या बाजूला, पोत्यात गुंडाळून, मूळ पाट्यांचा सेट आणि ती चार लहान टायरं अजून ठेवलेली दिसतात.